आजीच्या ट्रंकेतलं नक्की कधीचं? जुन्या साड्या, घड्याळं, दागिने यांचं साल घरच्या घरी कसं काढायचं

दिवाळीच्या साफसफाईत मावशीकडची माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली येते आणि झाकण उघडायच्या आधीच पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "पणजीची पैठणी आहे गं त्यात, शंभर वर्षांची." मला या कामाची खोड लागल्यापासून नातेवाइकांत, ओळखीपाळखीत मी अशा बऱ्याच शंभर वर्षांच्या साड्या बघितल्यात आणि खरं सांगते, त्यातल्या बहुतेक माझ्या आईच्याच वयाच्या निघाल्या. कुणी खोटं बोलत नसतं. आजी म्हातारी होती, साडी आजीची होती, म्हणून साडीपण म्हातारी, इतकं साधं गणित असतं ते. पण आजी काय पाळण्यात पैठणी नेसली नव्हती.

तर हे साल काढायचं कसं, ते मला जेवढं जमतं तेवढं सांगते. लॅब वगैरे काही लागत नाही, एक भिंग, शिंप्याची टेप, नोटा तपासायचा तो जांभळ्या उजेडाचा छोटा यूव्ही टॉर्च, एक वही आणि घरातलं एखादं बोलकं म्हातारं माणूस, बास.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपण सगळे वस्तूत जुनं काय दिसतंय ते शोधत बसतो, तिथेच फसतो. शोधायचं असतं ते त्यातलं सगळ्यात नवीन काय आहे ते. जाकिटाला राणीछाप रुपयाची बटणं आहेत, रुपयावर १८८० लिहिलंय, म्हणून जाकीट १८८० चं होत नाही, कारण ते जाकीट पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवलेलं असेल तर तो दोरा सांगतो की मी १९६० च्या आधी या घरात असणं जवळजवळ अशक्य. नाणं जुनं, शिलाई नवीन, जाकिटाचं वय शिलाईचं. फक्त यात एक भानगड आहे, नंतर केलेली दुरुस्ती बाजूला काढावी लागते. फॉल, पिको, बदललेले हुक, रफू, हे सगळं नंतरचं असू शकतं. फॉल उसवून बघा, खाली जुन्या टाक्यांची भोकं दिसतात का, किती ओळी दिसतात, कधी कधी एकाच साडीला तीनदा फॉल लागलेला असतो.

आता कागद. साडी बघायच्या आधी साडीबरोबर काय काय आहे ते बघा, कारण कापडापेक्षा कागद जास्त बोलतो. दुकानाची चिठ्ठी, बिल, खोका, कोपऱ्याला दोऱ्याने टाचलेला किमतीचा तुकडा, शिंप्याचं लेबल, गिरणीचा शिक्का, यातलं काहीही फेकू नका. किंमत रुपये-आणे-पै मध्ये असेल तर ते १ एप्रिल १९५७ च्या आधीचं धरा, कारण त्या दिवसापासून दशमान पैसे आले. लोकांच्या तोंडात आणे नंतरही बरीच वर्षं होते, म्हणून हाताने खरडलेल्या चिठ्ठीत दोन-तीन वर्षांची सूट द्या, छापील बिलात एवढी नको. 'न. पै.' म्हणजे नये पैसे असं लिहिलेलं सापडलं तर उड्या मारा, कारण ते 'नये' १९६४ मध्ये गळालं आणि नुसते पैसे राहिले. म्हणजे तुमच्या हातात सरळ सात वर्षांचा तुकडा आला, १९५७ ते १९६४. जुन्या कपड्यांत एवढं नेमकं उत्तर फार क्वचित मिळतं.

तसंच पत्त्याचं. 'पुणे २', 'मुंबई ४' असा सुटा आकडा असेल तर पिनकोडच्या आधीचा पत्ता, सहा आकडी पिन १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. इथेही सूट द्याच, कारण आपले दुकानदार जुने छापील खोके संपेपर्यंत वापरतात. उलट मात्र कधीच होत नाही, पिनकोड छापलेला खोका १९६५ चा असूच शकत नाही. फोन नंबर बघा, मुंबई-पुण्याच्या लँडलाइनच्या पुढे २ लागून आठ आकडे झाले ते २००२ च्या सुमाराला, मोबाइल नंबर असेल तर १९९५ नंतरचं, आणि ₹ हे चिन्ह छापलेलं असेल तर जुलै २०१० नंतरचं. इंग्रजी लेबलवर 'बॉम्बे' असेल तर बहुधा १९९५ च्या आधीचं, पण मराठी लेबलवर हा नियम चालत नाही, कारण मराठीत आपण आधीपासून मुंबईच लिहीत आलो. हसू नका, यात फसलेला माणूस मी बघितलाय, तो माणूस म्हणजे मीच.

सुती पातळं, धोतरं, लुगडी, यांच्या टोकाला गिरणीचा शिक्का असतो. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ची, बॉम्बे डाइंग १८७९ ची, म्हणजे नुसत्या नावावरून फार काही कळत नाही, पण मापावरून कळतं. शिक्क्यात यार्ड असेल तर साधारण १९६२ च्या आधीचं, मीटर असेल तर नंतरचं, कारण वजन-मापं १९५८ ते १९६२ या काळात टप्प्याटप्प्याने बदलली. दुसऱ्या महायुद्धात कापडावर कंट्रोल आलं, १९४३ पासून, तेव्हाचे किमतीचे शिक्केही कधीमधी सापडतात. आणि मुंबईच्या गिरण्यांचं कापड असेल तर १८ जानेवारी १९८२ ही तारीख लक्षात ठेवा, दत्ता सामंतांचा संप. त्यानंतर कित्येक गिरण्या पुन्हा नीट सुरू झाल्याच नाहीत, त्यामुळे अशा शिक्क्याचं कापड बहुतेक वेळा त्याच्या आधीचंच निघतं.

एक मात्र सांगून ठेवते. खोका म्हणजे साडी नव्हे. आपल्याकडे बाटाच्या खोक्यात चांदीची भांडी असतात आणि बिस्किटांच्या डब्यात सुई-दोरा. घडीत घातलेला वर्तमानपत्राचा कागद सांगतो की साडी शेवटची कधी घडी घातली, साडी कधी विणली ते नाही. साडीलाच टाचलेला कागद असेल तर त्यावर विश्वास जास्त, नुसता बरोबर पडलेला असेल तर कमी.

यानंतर धागा. कडेचा एखादा सुटलेला, आधीच लोंबणारा धागा घ्या, साडीतून ओढून काढू नका. स्टीलच्या ताटलीवर चिमट्यात धरून जाळा, खिडकी उघडी ठेवून, आणि साडी दुसऱ्या खोलीत ठेवून. रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि काळी राख चिमटीत भुगा होते. सूत कागदासारखं जळतं. रेयॉनपण कागदासारखंच जळतं म्हणून सूत आणि रेयॉन यात घोळ होतो, तिथे हाताला लागणारा गारवा आणि ती वेगळी झळाळी बघायची, शिवाय रेयॉन ओलं केलं की पटकन तुटतं. वितळून कडक गोळी झाली की नायलॉन किंवा पॉलिएस्टर.

याचा सालाशी काय संबंध? तर रेयॉन बाजारात यायला १९०५ नंतरचा काळ उजाडला, आपल्याकडे त्याला नकली रेशीम म्हणायचे, विणकर चमका म्हणतात, आणि पुढे १९५० च्या दशकात तर कल्याणजवळ शहाडलाच रेयॉनचा कारखाना आला. नायलॉन १९३८-४० चं, आणि नायलॉनच्या साड्यांचं वेड आपल्याकडे पन्नास-साठच्या दशकातलं. पॉलिएस्टरचा शोध १९४१ चा, पण भारतात टेरिलीन बनायला लागलं ते साठच्या दशकाच्या मध्यावर, त्याच्या आधी असेल तर कुणीतरी परदेशातून आणलेलं. मग टेरिकॉट, मग सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या सुळसुळीत प्रिंटेड साड्या, विमल, गार्डन वरेली, ज्या धुतल्या की अर्ध्या तासात वाळायच्या आणि ज्यांच्यासाठी आपल्या आयांनी सुती पातळं बोहारणीला देऊन स्टीलचे डबे घेतले. तेव्हाच्या डब्यांवर नावं घातलेली असतात, कधी कधी सालासकट. साडी गेली पण डबा साल सांगतो, अशीपण गंमत होते.

इरकल हे यासाठी उत्तम उदाहरण आहे. अंग सुती आणि पदर वेगळा, दोन्हीचे ताणे मागावर एकमेकांत अडकवून जोडलेले, लाल पदर आणि त्यावर पांढरे टोकदार पट्टे. तो पदर जाळून बघितला आणि केसांचा वास आला तर खरं रेशीम, कागदाचा आला तर चमका. चमका निघाला की शंभर-सव्वाशे वर्षांची गोष्ट बहुतेक तिथेच संपते. खरं रेशीम निघालं तर मात्र लगेच जुनं म्हणून नाचू नका, खऱ्या रेशमाच्या पदराचं इरकल आजही मिळतं, पैसे मोजले की. बघा, पुरावा एकाच बाजूने चालतो.

रंगाबद्दल एक गैरसमज फार आहे, भडक रंग दिसला की लोक म्हणतात नवीन असणार, जुने रंग कसे मऊ असायचे. असं काही नाही. पहिला रासायनिक जांभळा रंग १८५६ चा आहे, अलिझरीनचा लाल १८६९ चा, बनवलेली नीळ १८९७ पासून विकली जातेय. तुमच्या पणजीच्या सासूनेसुद्धा रासायनिक रंगाची राणी कलरची साडी नेसलेली असू शकते. रंगावरून साल काढायच्या फंदात पडूच नका.

यूव्ही टॉर्च मात्र कामाचा. खोलीत अंधार करून टॉर्च मारा. हल्लीचे पांढरे दोरे आणि कापडं निळी-पांढरी झळाळतात, कारण त्यात पांढरेपणा वाढवणारं रसायन असतं, आणि ते दुसऱ्या महायुद्धानंतर सगळीकडे पसरलं. कापड मंद आणि शिलाईचा दोरा मात्र ट्यूबलाइटसारखा उजळला तर ती शिलाई नंतरची. पण अख्खी साडीच उजळली तर घाबरू नका, ते साबणाचंही असू शकतं, सर्फ आपल्याकडे १९५९ ला आलं आणि निरमा १९६९ ला, तेव्हापासून घरातलं सगळंच सुती कापड थोडंफार चमकतं. रेशीम मुळातच जरा उजळ दिसतं. म्हणून एकटं कापड बघायचं नाही, दोरा आणि कापड शेजारी शेजारी बघायचं.

आता जर. इथे मी जरा रेंगाळणार, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच झालंय. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळायची आणि तिला सोन्याचा मुलामा. भिंगातून बघा, जिथे जर झिजलीय तिथे आतला धागा डोकावतो, तो पिवळा-केशरी रेशमी असेल आणि वरची तार पांढुरकी किंवा काळपट पडलेली असेल तर खरी जर. तार लालसर तांब्याची दिसली, मध्येच हिरवट डाग दिसले तर ती तांब्यावरची, दुकानदार जिला टेस्टेड जर म्हणतात ती. आणि अजिबातच काळी न पडता, नुसती सोलवटल्यासारखी पापुद्रे निघत असतील तर प्लास्टिकची फिल्म, ती चाळीसच्या दशकाच्या शेवटी परदेशात निघाली आणि आपल्याकडे तर त्याच्याही बऱ्याच नंतर रुळली. म्हणजे प्लास्टिकची जर सापडली की पणजी कटाप. खरी जर सापडली तर? तर इतकंच की साडी महाग होती. गल्लोगल्ली "जुनी जरीची साडी" असं ओरडत फिरणारे लोक त्या साड्या जाळून चांदी काढतात, त्यांना साल-बिल काही नको असतं, आणि म्हणूनच खऱ्या जरीच्या जुन्या साड्या इतक्या कमी उरल्यात. माझ्या आजीनेही दोन दिल्या होत्या, त्याचं दुःख मला तिच्यापेक्षा जास्त आहे.

पैठणीची पहिली परीक्षा सगळ्यांना माहीत असते, उलटी करून बघा, हाताने विणलेली असेल तर दोन्हीकडून नक्षी सारखी. बरोबर आहे, पण ती परीक्षा हातमागाची आहे, वयाची नाही. येवल्यात काल विणलेली पैठणीसुद्धा दोन्हीकडून सारखी असते. मागे सुटे धागे लोंबत असतील किंवा कापलेले दिसले तर जॅकार्ड किंवा सेमी पैठणी. वयासाठी मी पदर बघते. जुन्या पदरांवर वेलबुट्टी जास्त, आसावली म्हणजे फुलांची वेल, कुयऱ्या, कमळं, आणि जर इतकी दाट की पदर पत्र्यासारखा उभा राहतो. मोरच मोर, बांगडी मोर, मुनिया, रंगीबेरंगी भरगच्च, असा पदर दिसला की मी आपोआप अलीकडच्या काळात येते. हा नियम नाहीये, माझा कल आहे, म्हणून वहीत पेन्सिलीने लिहिते. सिल्क मार्कचं लेबल असेल तर २००४ नंतरची, हँडलूम मार्क असेल तर २००६ नंतरची, हे मात्र पेनाने लिहा.

लांबीपण मोजा. नऊवार की सहावार, हा फरक मोठा वाटतो पण जपून. शहरातल्या पांढरपेशा घरांत सहावारी, जिला तेव्हा गोल साडी किंवा गोल पातळ म्हणायचे, ती स्वातंत्र्याच्या आगेमागे शिरली, तरी आजी लोक शेवटपर्यंत नऊवारीच नेसल्या, आणि गावाकडे तर अजून नेसतात. म्हणजे नऊवार आहे म्हणून जुनी, असं नाही. उलट सहावार जुनी पैठणी सापडली तर दोन्ही टोकं बघा, एका टोकाला पदर आणि दुसऱ्या टोकाला सरळ कापलेलं, हातशिलाईने दुमडलेलं असेल तर कुणीतरी नऊवारीची सहावारी केलीय आणि उरलेल्या तीन वारांचं काय झालं ते शोधा. त्याचं परकर-पोलकं झालेलं असतं, उशीचा अभ्रा, देव्हाऱ्याचा पडदा, काहीही. हे लक्षात ठेवा, पुढे सांगते. शिवलेली नऊवारी, म्हणजे पायजम्यासारखी घालायची ती, आणि खणाच्या कापडाची अख्खी साडी, या दोन्ही अगदी हल्लीच्या फॅशन. खण हा गुळेदगुड्डचा, मुळात चोळीचा तुकडा म्हणूनच विणायचे.

ब्लाउज साडीपेक्षा जास्त चुगलखोर. साडी तीस वर्षं चालते, ब्लाउज दर पाच वर्षांनी फॅशनप्रमाणे बदलतो. पुढे गाठ मारायची चोळी सगळ्यात जुन्या पद्धतीची, तिला बटण-हुक काही नाही. मग झंपर, पोलकी, फुग्याच्या बाह्या, हे तीस-चाळीसच्या दशकातल्या फोटोंत दिसतं. साठच्या दशकात बिनबाह्यांचे आणि अंगाला घट्ट. फुगे पुन्हा ऐंशीच्या दशकात परत येतात, तिथे गोंधळ होतो, तेव्हा आतली शिलाई बघा. आतल्या कडा हाताने काजासारख्या गुंफल्यात, नुसत्या कातरीने नागमोडी कापल्यात, का ओव्हरलॉक मारलाय? ओव्हरलॉक आणि पॉलिएस्टरचा दोरा असेल तर ऐंशीच्याच बाजूला या. आणि पुन्हा तेच, पुण्यातली कॉलेजातली मुलगी आणि तिची खेड्यातली मामी यांच्यात पंधरा-वीस वर्षांचा फॅशनचा फरक सहज असायचा. फोटोत कोण कुठे राहत होतं ते आधी विचारा.

विचारण्यावरून आठवलं, म्हाताऱ्या माणसांना "ही किती वर्षांपूर्वीची?" असं कधीही विचारू नका. "खूप जुनी" असंच उत्तर येणार. त्यांना घटना विचारा. पुण्यातल्यांना विचारा, पानशेतच्या पुराच्या आधीची का नंतरची, म्हणजे १२ जुलै १९६१ च्या अलीकडची का पलीकडची ते एका सेकंदात कळतं. सातारा-कोल्हापूरकडच्यांना कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. मराठवाड्यातल्यांना बहात्तरचा दुष्काळ. लालबाग-परळच्या घरात गिरणीचा संप. आणि बायकांना विचारा की तेव्हा कोण पोटात होतं. मी एवढी शास्त्रीय पद्धत दुसरीकडे कुठे बघितलेली नाही.

मावशीच्या पैठणीचं उत्तर असंच निघालं. नऊवार, खरी जर, आसावलीचा पदर, म्हणजे सगळं पणजीच्या बाजूने. मीपण जवळजवळ मान्य केलं होतं. मग आतल्या घडीत काठाला दोऱ्याने टाचलेली बोटभर चिठ्ठी दिसली, दुकानाचं नाव पुसलेलं, आकडा अर्धवट, पण शेवटी स्पष्ट 'न. पै.'. मावशी ऐकेना, चिठ्ठी नंतर लावली असेल म्हणाली, आता घरातल्या साडीला किमतीची चिठ्ठी कोण कशाला लावेल. मग मी विचारलं पानशेतच्या आधीची का नंतरची, आणि ती एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, अगं पुरात आजीच्या कपड्यांचं कपाट गेलं की सगळं, लुगडी नुसती चिखलात, ही नंतर अण्णांनी आणली तिला. झालं. १९६१ चा जुलै ते १९६४. तीन वर्षांत बसवली साडी, आणि मावशी माझ्याशी त्या दिवशी जेवेपर्यंत बोलली नाही.

घड्याळांकडे वळू, पुरुषांच्या ट्रंकेत तेच असतं, तेच आणि टोपी. एचएमटीचं घड्याळ १९६१ च्या आधीचं असूच शकत नाही, त्याच साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरूला कारखाना सुरू झाला. तबकडीवर क्वार्ट्झ असेल तर ऐंशीच्या दशकात या, टायटन असेल तर त्या दशकाच्या शेवटाकडे. आधीच्या पिढीत वेस्ट एंड, फावर ल्यूबा अशी स्विस घड्याळं असायची. स्विस घड्याळात तबकडीच्या अगदी तळाशी सहाच्या आकड्याखाली भिंग लावा, 'स्विस'च्या दोन बाजूंना छोटा टी असेल तर ते ट्रिटियम, म्हणजे साठच्या दशकापासून नव्वदच्या दशकापर्यंतचं. त्याच्या आधी अंधारात चमकायला रेडियम लावायचे, त्यामुळे जुन्या घड्याळाची काच उघडून आत बोट फिरवायचा मोह आवरा, ते पिवळट पूड झालेलं असतं आणि ते शरीरात जाणं चांगलं नाही.

आणि ऑनलाइन विकत घेणार असाल तर एक शब्द शिकून घ्या, 'मुंबई स्पेशल'. जगभरातले घड्याळवाले हा शब्द वापरतात आणि त्यात कौतुक काही नाही. तीन घड्याळांचे भाग एकत्र करून, तबकडी नवीन रंगवून, "विंटेज" म्हणून विकायचं, त्याला हे नाव पडलंय. साठ वर्षांचं घड्याळ आणि तबकडी केशरी-निळी चकचकीत, अक्षरं भिंगाखाली फिसकटलेली, काट्यांचा रंग आणि आकड्यांचा रंग जुळत नाही, असं दिसलं की पुढे जा. एचएमटी पायलटच्या बाबतीत तर हे इतकं झालंय की मी घरातून आलेलं सोडून दुसरं पायलट घेतच नाही. काकांच्या मनगटावरचं ओरखडे पडलेलं 'जनता' परवडलं.

दागिन्यांचं मी थोडक्यात सांगते, कारण त्यात माझा हात तेवढा बसलेला नाही आणि दागिने आटवून पुन्हा घडवतात, त्यामुळे सोनं पणजीचं आणि घडण सुनेची असं नेहमी असतं. बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, हॉलमार्क असेल तर २००० नंतर. २०१७ च्या आधीच्या हॉलमार्कमध्ये सालाचं एक इंग्रजी अक्षर असायचं, ए म्हणजे २०००, बी म्हणजे २००१, असं पुढे, फक्त आय वगळलाय म्हणून जे म्हणजे २००८, हे फार लोकांना माहीत नाही आणि ते अक्षर भिंगाशिवाय दिसतही नाही. सहा अक्षर-आकड्यांचा कोड असेल तर २०२१ च्या जुलैपासूनचं. लग्नातल्या जुन्या दागिन्यावर १४ कॅरेट असेल तर घरातलं लग्न १९६३ ते १९६६ मधलं आहे का ते बघा, मोरारजी देसाईंच्या सुवर्णनियंत्रणात जानेवारी १९६३ पासून त्याहून चोख सोन्याचे नवे दागिने करायला बंदी होती. आजचे हिऱ्यांचे दागिनेपण १४ कॅरेटमध्ये येतात, तो फरक घडणीवरून लगेच कळतो. नाण्यांच्या माळेत राणीच्या नावापुढे 'क्वीन' असेल तर नाणं १८७६ पर्यंतचं आणि 'एम्प्रेस' असेल तर १८७७ पासूनचं, पण हे नाण्याचं वय, माळेचं नाही, वरती जाकिटाचं सांगितलं तसंच. जुन्या बांगड्यांना, कंगव्यांना गरम सुई टोचून प्लास्टिक ओळखायचे व्हिडिओ फिरतात, ते करू नका, सेल्युलॉइड असेल तर भडका उडतो.

आणि ते उरलेल्या तीन वारांचं. मावशीच्या त्याच ट्रंकेत तळाला चांदीचं निरांजन एका चिंधीत गुंडाळलेलं होतं. चिंधी म्हणजे बाळाची कुंची निघाली, आमच्या आजोळी प्रत्येक बाळाला बारशाला घातलेली, आता विटलेली, एका बाजूने उंदराने खाल्लेली. वरचं कापड पैठणीचं, अंगावर बारीक सोन्याच्या बुट्ट्या, आतला धागा केशरी, अस्तर जाड मांजरपाटाचं, पूर्ण हातशिलाई आणि टॉर्चखाली एकही टाका उजळला नाही. ही कुंची घातलेला मावशीच्या मोठ्या भावाचा फोटो आहे, त्याचा जन्म १९३८ चा, म्हणजे कुंची त्या आधी शिवलेली आणि जिची शिवली ती साडी त्याच्याही आधी जीर्ण झालेली. पुराच्या वेळी कुंची नाशिकला कुणाच्या तरी बाळंतपणासाठी गेलेली होती म्हणून वाचली. पणजीची पैठणी खरंच होती घरात, फक्त तिच्यात निरांजन गुंडाळलं होतं.

साल ठरलं की ते असं लिहा, "सुमारे १९६१ ते १९६४, चिठ्ठी आणि मावशीची आठवण", म्हणजे आकडा आणि तो कशावरून काढला ते दोन्ही. सुती नाडीवर पेन्सिलीने लिहून नाडी घडीत ठेवा. बॉलपेन नको, स्टेपलर तर नकोच, गंजतो. चिठ्ठी साडीवरून सोडवू नका, पण सुटी बिलं असतील तर ती वेगळ्या पाकिटात, रेशमाला चिकटून ठेवली की शाई उतरते.